टू-स्ट्रोक आउटबोर्डची ऑइल सिस्टीम: बोट पाण्यात उतरवण्याआधीची तयारी

बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण एवढं वाचा. ऑइलची टाकी काढली, नळी बदलली, गाळणी धुतली, पंप खोलला, टाकी एकदा पार कोरडी पडली किंवा आउटबोर्ड (बोटीच्या मागे लावायचं इंजिन) आडवं टाकून गाडीतून नेलं, तर ऑइलच्या लाइनमधली एअर (नळ्यांत अडकलेली हवा) काढल्याशिवाय ते साध्या, ऑइल न मिसळलेल्या पेट्रोलवर चालवायचं नाही. मागच्या वेळी मी नळ्या नव्या घातल्या, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि एअर काढायची तेवढी राहिली. वरच्या सिलिंडरचा पिस्टन ओरबाडून निघाला. म्हणून ही यादी.

ही यादी ऑइल पंप (टाकीतलं ऑइल मापाने इंजिनात सोडणारा पंप) असलेल्या इंजिनांसाठी आहे. ज्या छोट्या इंजिनांत आपण हातानेच पेट्रोलमध्ये ऑइल मिसळतो, त्यांना पंपच नसतो, त्यामुळे त्यांच्या मालकांनी ऑइलपुरतं वाचावं आणि पुढचं सोडावं. डायरेक्ट इंजेक्शनवाल्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टू-स्ट्रोकचा पंप बहुधा इलेक्ट्रिक असतो. त्याची एअर काढायची पद्धत वेगळी आणि पेट्रोलमध्ये ऑइल टाकायचा उपाय त्याला लागू नाही. तिथे मॅन्युअल उघडा, अंदाजाने हात घालू नका.

आधी सामान गोळा करा. स्क्रूड्रायव्हर, पकड, चिंध्या, ऑइल धरायला पसरट भांडं, हे सांगायला नको. नवी नळी मात्र जुन्या नळीचा तुकडा सोबत नेऊनच आणा. आतला व्यास तंतोतंत जुळला पाहिजे आणि नळी पारदर्शक हवी, कारण आत बुडबुडा आहे की नाही हे डोळ्यांनीच बघायचंय. स्प्रिंगच्या क्लिपा नव्या घ्या. ब्लीड स्क्रूखालचा (पंपावरच्या, एअर काढायच्या स्क्रूखालचा) छोटा वॉशर नवा घ्या. बारीक जाळीचं स्वच्छ नरसाळं, मिलिलिटरच्या खुणांचं भांडं, मार्कर आणि पेट्रोलची एक वेगळी छोटी टाकी. या छोट्या टाकीला कंटाळा करू नका, तिच्याशिवाय एअर नीट काढता येत नाही. काम मोकळ्या हवेत करा, आसपास विस्तव नको, आणि बॅटरीची वायर आधी सुटी करा.

ऑइल टीसी-डब्ल्यू3 दर्जाचंच हवं. अमेरिकेतल्या नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशनचा हा दर्जा पाण्याने थंड होणाऱ्या टू-स्ट्रोकसाठीच आहे आणि ते ऑइल जळल्यावर राख सोडत नाही. दुचाकीचं टू-टी ऑइल हवेवर थंड होणाऱ्या, जास्त तापणाऱ्या इंजिनासाठी बनवलेलं असतं. आउटबोर्डमध्ये त्याचा थर पिस्टनच्या माथ्यावर आणि रिंगांच्या खाचेत बसतो, रिंग चिकटते आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) जातं. कारचं इंजिन ऑइल तर अजिबात नको. ऑइलच्या निळ्या-हिरव्या रंगावरून दर्जा ठरत नाही, डब्यावरची अक्षरं वाचा. रंगाचा उपयोग एवढाच की नळीत ऑइल कुठपर्यंत आलंय ते दिसतं.

आता टाकी. ऑइल वर राहतं आणि पाणी तळाशी बसतं. पंपाकडे जाणारी नळीसुद्धा तळातूनच निघते, म्हणजे झाकणाच्या रबरातून आत शिरलेलं पाणी सगळ्यात आधी पंपात जातं. टाकी पूर्ण रिकामी करा आणि तळातलं ऑइल काचेच्या बरणीत काढून काही तास ठेवा. खाली पाण्याची रेघ दिसली किंवा ऑइल ताकासारखं पांढुरकं झालं असेल तर ते सगळं बाजूला काढा. वरवरचं ओतून परत वापरायचा मोह नको. बेअरिंगवर एकदा गंज धरला की ऑइल कितीही चांगलं असून भागत नाही. झाकणाचं रबर चपटं झालं असेल तर बदला आणि झाकणात हवेचं भोक असेल तर ते मोकळं आहे का बघा. ते बुजलं तर आत पोकळी तयार होते, ऑइल खाली उतरत नाही. तळाची गाळणी काढून धुवा. जाळी फाटलेली असेल तर धुण्यात अर्थ नाही, नवी लावा. टाकी धुतल्यावर चिंधीचे धागे आत राहू देऊ नका.

इथे तुम्ही नळी काढलीत, म्हणजे एअर आत गेली. लक्षात ठेवा.

नळ्या हाताने वाकवून बघा. पिवळ्या पडून कडक झालेली नळी टोकाशी, क्लिपखालीच चिरते, आणि ती चीर नळी जागेवर असताना दिसत नाही. गंमत अशी की अशा चिरेतून ऑइल बाहेर येईलच असं नाही. पंपाच्या ओढीच्या बाजूला असेल तर ती हवा आत घेते, बाहेर सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. म्हणून ‘गळत नाही, म्हणजे ठीक आहे’ हे इथे चालत नाही. नळ्या एकेक करून बदला, सगळ्या एकदम उपटू नका. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर कुठली कुठे जाते याच्या खुणा मार्करने करून ठेवा. लांबी मूळच्या नळीएवढीच ठेवा. क्लिपेच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी ओढून बांधायची सवय सोडा, ती गोल दाबत नाही, एका बाजूला फट राहते. नळीमध्ये एकमार्गी व्हॉल्व्ह असेल तर त्याच्या बाणाचं तोंड इंजिनाकडे.

पंपाच्या दांडीवर (ती थ्रॉटलला जोडलेली असते) आणि अंगावर जुळवायच्या खुणा असतात. थ्रॉटल कुठल्या स्थितीत असताना त्या जुळल्या पाहिजेत ते मॉडेलप्रमाणे बदलतं, मॅन्युअलमध्ये बघा. कार्ब्युरेटरची जोडणी आधी, पंपाची नंतर. उलट केलंत तर पुन्हा करावं लागेल.

आता एअर. इथे घाई करू नका, हात जोडून सांगतो.

फोर-स्ट्रोकमध्ये खाली ऑइलचा साठा असतो, टू-स्ट्रोकमध्ये तो नसतो. क्रँकची बेअरिंगं, कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं, पिस्टन, रिंगा, या सगळ्यांना त्या क्षणी पेट्रोलबरोबर आत येणारं ऑइल तेवढंच मिळतं. पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण 50:1 म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे 20 मिली ऑइल. संथ चालीत पंप त्याहून पुष्कळ कमी देतो, कारण तशीच त्याची रचना असते. आता टाकीपासून पंपापर्यंतची नळी आतून 6 मिलिमीटर आणि लांबीला 30 सेंटीमीटर धरा. तिच्या पोटात साधारण साडेआठ मिली मावतं. ती नळी हवेने भरलेली असेल आणि पंप त्या वेळी लिटरमागे 10 मिलीच्या हिशोबाने चालत असेल, तर जवळजवळ 850 मिली पेट्रोल बिनऑइलचं जळून जातं, मग कुठे ऑइल पंपाच्या तोंडाशी पोचतं. आणि हे पंपाने हवा नीट पुढे ढकलली तर. प्रत्यक्षात पंपाचा दट्ट्या इतका लहान असतो की हवा आतच दबते आणि फुलते, पुढे सरकत नाही. पंप फिरतोय, टाकी भरलेली आहे, अलार्म गप्प आहे, आणि बेअरिंग कोरडं. जुन्या ऑइलचा पातळ थर थोडा वेळ साथ देतो, म्हणून सुरुवातीला आवाजही छान येतो. त्या आवाजावर विश्वास ठेवू नका.

काढायची कशी? टाकी भरा आणि इंजिन सरळ उभं ठेवा. पंपावरचा ब्लीड स्क्रू तीन-चार आटे सैल करा, खाली चिंधी धरा. आधी फुसफुस होते, मग फेसाळ ऑइल येतं, मग सलग. सलग आलं की लगेच बंद करू नका, थोडं वाहू द्या. नळीवर बोटाने टिचक्या मारा, वळणात अडकलेला बुडबुडा तेव्हा सुटतो. पुन्हा फेस येईल. तो थांबला की नवा वॉशर घालून स्क्रू आवळा. अलगद आवळा, तिथले आटे नाजूक असतात.

हे अर्धंच काम झालं. पंपाच्या अलीकडची एअर गेली, पंपापासून सिलिंडरपर्यंतच्या बारीक नळ्यांतली अजून तिथेच आहे आणि ती इंजिन चालवूनच निघते. म्हणून ती वेगळी छोटी टाकी. तिच्यात 50:1 मिसळलेलं पेट्रोल भरा, 5 लिटरला 100 मिली, आणि इंजिन त्यावर चालवा. बॅटरी जोडा, थंड करायचं पाणी चालू करा (पाण्याशिवाय इम्पेलर, म्हणजे पाणी ओढणारा रबरी पंखा, जळतो), गिअर न्यूट्रलमध्ये. बऱ्याच इंजिनांत पंपाची दांडी जोडणीतून सोडवून हाताने पूर्ण उघडी धरता येते. इंजिन संथ राहतं आणि पंप मात्र पूर्ण माप टाकतो, एअर लवकर निघते. बाही आणि बोटं फ्लायव्हीलपासून (इंजिनाच्या फिरत्या चाकापासून) लांब. पारदर्शक नळ्यांकडे बघत राहा: बुडबुड्यांची माळ इंजिनाकडे सरकताना दिसेल. प्रत्येक नळीत एकही बुडबुडा उरला नाही की झालं. एका नळीत स्वच्छ आणि दुसरीत हवा, असं होतं, म्हणून सगळ्या बघा. या वेळी धूर भरपूर होईल, कारण ऑइल दोन्हीकडून येतंय. प्लग थोडे काळे होतील. होऊ द्या. दांडी परत जोडायला विसरू नका.

अलार्मबद्दल मोठा गैरसमज आहे. बहुतेक इंजिनांत तो टाकीतल्या तरंगत्या गोळ्यावर चालतो. टाकीत ऑइल आहे की नाही, एवढंच तो सांगतो, ते सिलिंडरपर्यंत पोचतंय का हे सांगत नाही. एअर धरलेल्या लाइनवर तो वाजत नाही. तरीही तपासा: गोळा हाताने खाली नेला की बझर वाजला पाहिजे. नाही वाजला तर जोडण्या साफ करा.

मग खात्री. टाकीवर ऑइलच्या पातळीशी मार्करने रेघ मारा आणि 50:1 चं पेट्रोल चालू ठेवूनच थोडं चालवा. रेघेखाली ऑइल उतरलेलं दिसलं पाहिजे. नाही उतरलं तर इंजिन बंद, आणि एअर पुन्हा काढा. उतरलं तरच साध्या पेट्रोलवर जा. पुढेही हिशोब ठेवा: 20 लिटर पेट्रोलमागे वेगानुसार साधारण 100 ते 400 मिलीच्या दरम्यान ऑइल जायला हवं. पूर्ण वेगाने चालवूनही ऑइल जागचं हललं नसेल तर तो ऑइल वाचल्याचा आनंद नाही.

उरलेलं थोडक्यात. प्लग बदला. जुनं पेट्रोल टाकून द्या. खालच्या गिअरचं ऑइल वेगळं असतं, टीसी-डब्ल्यू3 तिथे घालू नका. गिअरचं ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय. इम्पेलर जुना असेल तर तोही बदला. बोटीत टीसी-डब्ल्यू3 चा एक बंद डबा आणि माप ठेवा: पंप वाटेत बंद पडला तर पेट्रोलमध्येच 50:1 मिसळून किनाऱ्याला येता येतं. बारीक नळीचा हातभर तुकडा, दोन क्लिपा, एक वॉशर आणि स्क्रूड्रायव्हर त्याच पिशवीत.