जुनी इनिट स्क्रिप्ट सिस्टिमडीवर नेताना: शंका आधी, बदल नंतर

सिस्टिमडी म्हणजे लिनक्स सुरू होताना सर्व्हिस, म्हणजे पाठीमागे चालणारे प्रोग्राम, चालू करणारी आणि पुढे सांभाळणारी व्यवस्था. आधी हे काम इनिट स्क्रिप्ट करायच्या. वीस-पंचवीस वर्षं युनिक्स-लिनक्सचे सर्व्हर सांभाळलेल्या माणसासमोर सिस्टिमडीचं नाव काढलं की त्याच्या कपाळाला आठ्या पडतात. त्याला नव्याचं वावडं आहे असं समजून त्याचं बोलणं सोडून देऊ नका. त्याची तक्रार नेमकी असते. /ईटीसी/इनिट.डी मधली स्क्रिप्ट ओळीओळीने वाचता यायची आणि अडलं तर 'एसएच -एक्स' लावून कुठे अडलं ते पाहता यायचं. सिस्टिमडीत मात्र सर्व्हिसचं निम्मं वागणं तुम्ही फाइलमध्ये लिहिलेलंच नसतं, ते डिफॉल्ट मूल्यांतून येतं. ही तक्रार खरी आहे. म्हणून बदल करतानाच ही न लिहिलेली मूल्यं एकेक करून उघडी करायची.

टाळत राहण्याचे दिवस मात्र संपले. सिस्टिमडी २०१० मध्ये जाहीर झालं, २०११ मध्ये फेडोरा १५ ने स्वीकारलं, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबंटू १५.०४ ने. जुन्या इनिट स्क्रिप्टना दिलेला आधार काढून घेणार असल्याचं २०२३ च्या २५४ व्या आवृत्तीत सांगून टाकलं आहे.

आधी जुनी स्क्रिप्ट वाचा

नवी फाइल लिहायच्या आधी कागदावर उतरवून घ्या: सर्व्हिस कोणत्या यूजरने चालते, यूलिमिट (वापराच्या मर्यादा) आणि यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या) काय आहे, कोणत्या डिरेक्टरीत जाऊन सुरू होते, कोणते व्हेरिएबल एक्सपोर्ट होतात, /व्हार/रन खाली काय तयार केलं जातं, बंद करताना काय काय उरकलं जातं. 'स्लीप ५' अशी ओळ दिसली तर ती खोडू नका, तिचं कारण शोधा. बहुतेक वेळा डेटाबेस सुरू झालेला असतो, पण कनेक्शन घ्यायला तयार नसतो. ही माहिती दुसरीकडे कुठेच लिहिलेली नसते.

युनिट फाइल

युनिट फाइल म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची हे सिस्टिमडीला सांगणारी फाइल. ती /ईटीसी/सिस्टिमडी/सिस्टिम मध्ये ठेवा. /यूएसआर/लिब खालच्या फाइलींना हात लावू नका, पुढच्या अपडेटमध्ये तुमचे बदल पुसले जातात. पॅकेजच्या युनिटमध्ये बदल हवा असेल तर 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरा. त्यात एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करणारी आज्ञा) बदलताना आधी रिकामी 'एक्झेकस्टार्ट=' ओळ टाकावी लागते. ती नसेल तर दोन आज्ञा झाल्या म्हणून युनिट नाकारलं जातं.

सर्वांत जास्त घोळ 'टाइप'मध्ये, म्हणजे सर्व्हिस सुरू झाली हे कसं ओळखायचं यात, होतो. प्रोग्राम फोरग्राउंडमध्ये चालू शकत असेल तर तसाच चालवा आणि टाइप 'एक्झेक' द्या (आवृत्ती २४० पासून, त्याआधी 'सिंपल'). फोरग्राउंडवाल्या प्रोग्रामला 'फोर्किंग' लिहिलंत तर सिस्टिमडी मूळ प्रोसेस संपायची वाट पाहत राहतं आणि ९० सेकंदांनी चांगली चाललेली सर्व्हिस मारून टाकतं. याउलट, स्वतःहून बॅकग्राउंडला जाणाऱ्या प्रोग्रामला 'सिंपल' दिलंत तर पालक प्रोसेस संपताच सर्व्हिस संपली असं मानून मागे उरलेल्या सगळ्या प्रोसेस मारल्या जातात. फोर्किंग टाळता येतच नसेल तर पीआयडीफाइल (मुख्य प्रोसेसचा क्रमांक, म्हणजे पीआयडी, असलेली फाइल) द्या.

एक्झेकस्टार्ट म्हणजे शेल नव्हे. पाइप, आउटपुट वळवणं, तारांकन यांतलं तिथे काहीही चालत नाही. गरज असेल तर छोटी स्क्रिप्ट लिहा आणि तिची शेवटची ओळ 'एक्झेक'ने सुरू करा, म्हणजे मुख्य पीआयडी प्रोग्रामचाच राहील. एन्व्हायर्नमेंटफाइल (व्हेरिएबलची मूल्यं असलेली फाइल) हीसुद्धा शेलची फाइल नाही. 'एक्सपोर्ट' लिहिलेली ओळ दुर्लक्षित होते आणि एका व्हेरिएबलमधून दुसरं घडत नाही. जुनी कॉन्फिग फाइल जशीच्या तशी जोडली की इथेच फसायला होतं.

फाइल उघडण्याच्या मर्यादेकडे खास लक्ष द्या. /ईटीसी/सिक्युरिटी/लिमिट्स.कॉन्फ मधले आकडे लॉगिनच्या वेळी पॅम या लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेकडून लागू होतात. सर्व्हिस त्या वाटेने जातच नाही. युनिटमध्ये लिमिटनोफाइल=६५५३६ असं स्पष्ट लिहा आणि चालू प्रोसेसच्या /प्रॉक/<पीआयडी>/लिमिट्स मध्ये पाहून खात्री करा. /रन मेमरीत असल्यामुळे रीबूटनंतर तिथली डिरेक्टरी नाहीशी होते. रनटाइमडिरेक्टरी लिहिली की ती दर वेळी तयार मिळते.

'आफ्टर' फक्त क्रम सांगतं, 'वॉन्ट्स' आणि 'रिक्वायर्स' फक्त सोबत ओढून आणतात. दोन्ही गोष्टी हव्या असतील तर दोन्ही ओळी लिहा. नेटवर्क.टार्गेटच्या नंतर सुरू केलं म्हणून आयपी मिळालेला असेलच असं नाही, त्यासाठी नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट आफ्टर आणि वॉन्ट्स दोन्हीत घाला. 'स्लीप ५'च्या जागी एक्झेकस्टार्टप्री मध्ये खरी तपासणी बसवा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर पीजी_इजरेडी उत्तर देईपर्यंत फिरणारा लहानसा लूप पुरतो.

रीस्टार्टचं डिफॉल्ट गणित घातक आहे. 'रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर' एवढंच लिहिलं तर दोन प्रयत्नांत फक्त १०० मिलिसेकंदांचं अंतर असतं आणि १० सेकंदांत ५ प्रयत्न झाले की सिस्टिमडी हात टेकतं. डेटाबेस अर्धा मिनिट बंद राहिला तर तुमची सर्व्हिस पहिल्या काही सेकंदांतच कायमची पडते आणि डेटाबेस परत आला तरी उठत नाही. रीस्टार्टसेक=५ लिहा. मग १० सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत आणि ती प्रयत्न करत राहते. कधीतरी थांबायला हवी असेल तर [युनिट] विभागात स्टार्टलिमिटइंटरव्हलसेक=३०० आणि स्टार्टलिमिटबर्स्ट=१० द्या.

बंद करताना ९० सेकंदांनी सिगकिल (सक्तीने मारणारा सिग्नल) येतो. मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवायला तीन मिनिटं लागणारी सर्व्हिस असेल तर टाइमआउटस्टॉपसेक=३०० लिहाच. किलमोडचं डिफॉल्ट 'कंट्रोल-ग्रुप' आहे, म्हणजे सर्व्हिसने सोडलेली प्रत्येक चाइल्ड प्रोसेसही मरते, 'नोहप' (लॉगआउटनंतरही चालू ठेवणारी आज्ञा) वापरून सोडलेलीसुद्धा. हा गुण सहसा हवाहवासाच वाटतो, जुन्या पद्धतीत अशा अनाथ प्रोसेस शोधत बसावं लागायचं. पण स्क्रिप्ट त्यावरच विसंबून असेल तर आधी कळलेलं बरं.

लॉग

सिस्टिमडीचे लॉग बायनरीत असतात या आक्षेपावर वाद घालत बसण्याची गरज नाही. आरसिसलॉग हा जुना लॉग लिहिणारा प्रोग्राम चालू ठेवा, साध्या मजकुराच्या फाइली मिळत राहतील. खरा धोका दुसरीकडे आहे. जर्नलडी हा सिस्टिमडीचा लॉग गोळा करणारा भाग; बऱ्याच आवृत्त्यांत त्याचं स्टोरेज 'ऑटो' असतं. तसं असताना /व्हार/लॉग/जर्नल ही डिरेक्टरी नसेल तर जर्नल /रन मध्ये राहतं आणि रीबूटबरोबर जातं. 'पर्सिस्टंट' करा आणि सिस्टिममॅक्सयूज ठरवून द्या. शिवाय एका सर्व्हिसकडून ३० सेकंदांत ठरावीक संख्येपेक्षा (मूळ आकडा १०,०००) जास्त ओळी आल्या की पुढच्या टाकून दिल्या जातात, आणि सर्व्हिस कोसळताना नेमक्या त्याच ओळी लागतात. महत्त्वाच्या सर्व्हिसला लॉगरेटलिमिटइंटरव्हलसेक=० द्या.

रीबूटआधी एफएसटॅब

दूरच्या सर्व्हरवर हे विसरलात तर डेटा सेंटर गाठावं लागेल. एफएसटॅबमध्ये (बूटच्या वेळी कोणत्या डिस्क जोडायच्या याची यादी) आता नसलेल्या डिस्कची ओळ उरली असेल तर जुनी व्यवस्था एरर दाखवून बहुधा पुढे जायची. सिस्टिमडी ९० सेकंद थांबून इमर्जन्सी मोडमध्ये जातं आणि एसएसएच सुरूच होत नाही. बूटसाठी अत्यावश्यक नसलेल्या प्रत्येक ओळीत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=१०एस' घाला.

चाचणी

'सिस्टिमडी-अॅनलाइझ व्हेरिफाय' चालवा, मग 'डीमन-रीलोड', मग सुरू करा. त्यानंतर 'सिस्टिमसीटीएल शो' आणि सर्व्हिसचं नाव. तुम्ही न लिहिलेलं प्रत्येक मूल्य तिथे छापून येतं. ते आउटपुट कागदावरच्या नोंदींशी ताडून पाहा. सर्व्हिस कोणत्या यूजरने चालते ते 'पीएस' आज्ञेने स्वतः तपासा. आकड्याने सुरू होणारं यूजरनेम अवैध ठरवून ती ओळ सोडून दिली जाते आणि सर्व्हिस रूटने चालते, असा दोष २०१७ मध्ये चव्हाट्यावर आला होता. पुढे तो सुधारला, पण तपासायची सवय राहू द्या.

मग मुद्दाम मोडा: मुख्य प्रोसेसला 'किल -९', डेटाबेस एक मिनिट बंद, सर्व्हिस पूर्ण भाराखाली असताना स्टॉप, आणि निदान दोन रीबूट. स्क्रीन किंवा टीमक्समध्ये (लॉगआउटनंतरही सेशन चालू ठेवणारे प्रोग्राम) लांबलचक कामं चालवत असाल तर लॉगिनडी.कॉन्फ मधलं किलयूजरप्रोसेसेस पाहा. २०१६ च्या २३० व्या आवृत्तीने ते मूळ सोर्समध्ये 'येस' केलं, काही वितरणांनी परत 'नो' केलं. 'येस' असेल तर काम 'सिस्टिमडी-रन --यूजर --स्कोप' खाली सुरू करा आणि त्या यूजरसाठी 'लॉगिनसीटीएल एनेबल-लिंगर' द्या.

सगळं जमलं की जुन्या स्क्रिप्टची एक्झिक्यूट परवानगी काढा. सवयीने कुणी ती थेट चालवली तर सर्व्हिसची दुसरी प्रत त्याच्या लॉगिन सेशनमध्ये उभी राहू शकते, आणि सिस्टिमडीला तिचा पत्ता नसतो. फाइल मात्र पुसू नका. गिटमध्ये युनिटच्या शेजारी ठेवा आणि युनिटमधल्या प्रत्येक ओळीवर ती स्क्रिप्टच्या कोणत्या ओळीतून आली याची टिप्पणी लिहा.