कमरेच्या एमआरआयचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जाण्याआधी

रिपोर्ट अजून पाकिटातच असू द्या. आधी कोऱ्या कागदावर लिहा: दुखतं कमरेत की पायात, कोणत्या पायात, गुडघ्यापर्यंत की थेट बोटांपर्यंत, मुंग्या कुठे येतात, बसून वाढतं की चालून. एकदा रिपोर्ट वाचला की नको तिथेही दुखायला लागतं, म्हणून हा क्रम.

आता रिपोर्ट काढा आणि पातळी शोधा. एल४-एल५ म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी. कमरेच्या गादीचा त्रास बहुधा हिचा किंवा हिच्या खालच्या एल५-एस१चा (पाचवा मणका आणि त्याखालचं त्रिकास्थी यांमधल्या गादीचा) असतो. पातळीपुढे लिहिलेली बाजू, डावी की उजवी, तुमच्या कागदाशी ताडून बघा. रिपोर्टमध्ये डावी नस दबलेली आणि दुखतोय उजवा पाय, असं असेल तर तिथे ठळक खूण करा. डॉक्टरांना पहिला प्रश्न हाच. एल४-एल५ची गादी मागे, किंचित कडेला आली तर सहसा एल५ची नस दबते, म्हणून पायाचा अंगठा जोर लावून वर उचलता येतो का ते बघा. एल५-एस१साठी आधार धरून एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहून बघा. जे जमलं नाही ते कागदावर लिहा.

शब्दांना फार घाबरू नका. डेसिकेशन म्हणजे गादीतलं पाणी आटणं, बल्ज म्हणजे तिचा घेर फुगणं, प्रोट्रूजन म्हणजे एकाच जागी पुढे येणं, एक्स्ट्रूजन म्हणजे आतला गर वेष्टण फाडून बाहेर येणं. (गादी 'सरकते' हा बोलण्यातला शब्द, ती मणक्यांना घट्ट चिकटलेली असते.) यातलं एक्स्ट्रूजन सगळ्यात भयंकर वाटतं, पण तो गर काही महिन्यांत आपोआप आक्रसल्याचंही पुष्कळदा दिसतं. २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या निघाल्या. ऐंशीच्या वयात ९६ टक्के.

फिल्म किंवा सीडी, जुने एक्स-रे आणि चालू गोळ्यांची यादी पिशवीत टाका. नुसता कागदी रिपोर्ट नेला तर डॉक्टर फिल्म मागणारच.

मात्र लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, जांघेत नि बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लुळं पडत चाललं, तर यादी, कागद सगळं राहू द्या आणि त्याच क्षणी इस्पितळ गाठा.