कळतं पण वळत नाही, तेव्हा काय करायचं

आज रात्री झोपायच्या आधी एक काम करा. वही घ्या, नाहीतर मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिलं तरी चालेल, पण लिहाच. गेले कित्येक महिने जी गोष्ट "करायचीच आता" म्हणत म्हणत राहून गेलीय ती वर लिहा, व्यायाम असेल, वाचन असेल, एखादी भाषा शिकणं असेल, काहीही, पण एकच. आणि मग पुढचे सात दिवस रोज रात्री ती आज का झाली नाही ते खाली लिहायचं, ज्या शब्दांत मनात आलं अगदी त्याच शब्दांत, नीटनेटकं करून नाही. या आठवड्यात स्वतःला बदलायला वगैरे जायचं नाही, गोष्ट झाली तर छानच, नाही झाली तर कारण लिहून झोपायचं.

मी हे वाचनाच्या बाबतीत केलं होतं. कामावरून आल्यावर रोज एक तास पुस्तक वाचायचं असं ठरवलेलं आणि ते काही केल्या होत नव्हतं. सात दिवसांनी पान बघितलं तर त्यावर होतं, "उशीर झाला", "डोकं जड झालंय", "आता अर्ध्या तासात काय वाचून होणार", मग परत "एवढ्याशा वेळात काय होणार"... सातातली चार कारणं म्हणजे तेच एक कारण, फक्त शब्द वेगळे. तोपर्यंत मला अगदी मनापासून वाटायचं की मला वेळच मिळत नाही. पण ते पान समोर आलं तेव्हा दिसलं की रोज वीस-पंचवीस मिनिटं हातात होती आणि ती मी सोडून देत होतो, का तर ठरवलेला तास त्यात मावत नव्हता. सगळं अडत होतं ते त्या एका तासापाशी.

म्हणूनच म्हणतो की हे डोक्यात ठेवू नका, लिहा. डोक्यात प्रत्येक कारण रोज नवं कोरं असतं, कागदावर ते चौथ्यांदा आलंय हे दिसतं.

आठव्या दिवशी ते पान घेऊन बसा आणि आधी खऱ्या अडचणी बाजूला काढा. घरात कोणी आजारी आहे, शिफ्ट बदललीय, स्वतःची तब्येत बरी नाही, याला सबब म्हणू नका, तो स्वतःवर अन्याय आहे. तिथे वेळ बदला, किंवा ती गोष्ट सध्या सरळ थांबवा आणि तसं ठरवून थांबवा. मग काही कारणं वस्तूंची असतात, शूज सापडले नाहीत, चार्जिंग संपलं, पुस्तक कुठे ठेवलं ते आठवेना. ती आदल्या रात्री दोन मिनिटांत मिटतात, त्यावर जास्त विचार करायची गरजच नाही.

उरतात ती तिसरी, आणि बहुतेकांचं पान यांनीच भरलेलं असतं. मूड नव्हता, कंटाळा आला, उद्यापासून, सोमवारपासून, एक तारखेपासून. यांना आपण सरसकट आळस म्हणून मोकळे होतो आणि मला वाटतं तिथेच चुकतं. चालढकलीवर कित्येक वर्षं काम केलेले कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमथी पिचिल आणि त्यांच्या सहकारी फ्युशिया सिरवा यांनी २०१३ साली हे नीट मांडलंय की चालढकल म्हणजे मुळात आत्ताचा मूड सांभाळायची धडपड असते. काम समोर आलं की आत काहीतरी नकोसं वाटतं, कंटाळा असेल, भीती असेल, "मला नाहीच जमणार" असं असेल, आणि काम उद्यावर ढकललं की ते नकोसंपण त्याच क्षणी जातं, एकदम हलकं वाटतं. त्या हलकं वाटण्याचीच आपल्याला चटक लागते, पुढच्या वेळी मन अजून लवकर तिकडे पळतं. आता विचार करा, अशा माणसाला वरून ओरडून काय होणार, नकोसंपण अजून वाढणार आणि तो अजून लांब पळणार. तो माणूस आपण स्वतः असलो तरी हेच होतं.

म्हणून ओरडण्याऐवजी गोष्ट एवढी छोटी करायची की ते नकोसंपण उठायच्या आत ती होऊन गेली पाहिजे. किती छोटी? तर आपल्याच कारणाच्या मापाची. ज्या दिवशी सगळं बिनसलंय, दमलोय, कोणाशी तरी वाजलंय, त्या दिवशीही जमेल एवढीच. व्यायाम असेल तर शूज घालून बाहेर पाच मिनिटं चालणं, भाषा असेल तर तीन शब्द, लिखाण असेल तर एक वाक्य. माझं मी एका तासावरून दोन पानांवर आणलं. आणि माप बरोबर आहे का ते बघायची एक सोपी पद्धत आहे, पानावरचं कारण घ्या आणि नव्या मापाला जोडून मोठ्याने म्हणून बघा, "आज उशीर झाला म्हणून दोन पानं वाचता आली नाहीत." म्हणताना आपल्यालाच पटत नसेल तर माप बसलं. अजूनही पटत असेल तर अजून छोटं करा, दोनचं एक पान करा, एका पानाचा एक परिच्छेद करा.

इथे खूप जणांना लाज वाटते, एवढंसं करून काय होणार, लोक काय म्हणतील. ही लाज मला पूर्ण कळते. पण एक तास ठरवून महिन्यात तीनदा वाचणारा मी, आणि दोन पानं ठरवून रोज पुस्तक उघडणारा मी, यात मला दुसरा जास्त आवडतो, त्याची पुस्तकं संपतात.

माप ठरलं की जागा ठरवा. "वेळ मिळेल तेव्हा" हे चालत नाही, तो मिळतच नाही. जे काम आपण न चुकता करतोच त्याच्या शेपटीला नवीन काम बांधायचं, "रात्री दात घासून झाले की पलंगावर बसून दोन पानं" असं, म्हणजे काय झाल्यावर, कुठे आणि किती, हे तिन्ही त्या एका वाक्यात आलं पाहिजे. हे अगदी साधं वाटतं पण याची ताकद मोठी आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी या "अमुक झालं की तमुक करेन" पद्धतीवर बरंच काम केलंय, आणि २००२ साली छापून आलेल्या ब्रिटनमधल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं व्यायाम करायचा होता, तर ज्यांना काहीच सांगितलं नाही त्यातल्या ३८ टक्क्यांनी केला, ज्यांना व्यायामाचे फायदे वाचायला देऊन उत्साह भरला त्यातल्या ३५ टक्क्यांनी, आणि ज्यांनी ते वाचून शिवाय कुठल्या दिवशी किती वाजता कुठे करणार ते लिहून दिलं त्यातल्या ९१ टक्क्यांनी. मोटिव्हेशनचे व्हिडिओ बघून आपल्याला छान वाटतं आणि दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही, ते का, हे मला हा आकडा वाचला तेव्हा उमगलं.

शिवाय हाताशी काय आहे तेही बघा. माझा फोन उशीजवळ चार्जिंगला असायचा, तो दुसऱ्या खोलीत नेला आणि उशीवर पुस्तक ठेवायला लागलो, आता झोपायचं तर आधी ते उचलावंच लागतं, उचललं की उघडलं जातं.

सवय लागायला किती दिवस लागतात म्हणाल तर २१ दिवसांचं जे सगळीकडे ऐकू येतं ते धरून बसू नका. एका प्लॅस्टिक सर्जननी १९६० साली, बदललेला चेहरा वगैरे अंगवळणी पडायला पेशंटना निदान एकवीसेक दिवस लागतात असं लिहिलं होतं, ते पुढे कुठल्याही सवयीला चिकटलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या टीमने ९६ जणांना घेऊन १२ आठवडे प्रत्यक्ष बघितलं तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि माणसामाणसात फरक केवढा, तर १८ पासून थेट २५४ पर्यंत (१२ आठवड्यांच्या पुढचे आकडे त्यांनी गणिताने काढलेला अंदाज आहेत). म्हणजे बाविसाव्या दिवशीही जड जात असेल तर तुमच्यात काही कमी नाहीये.

त्याच अभ्यासात अजून एक दिलासा आहे, एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात काही खास फरक पडला नाही. मोडतं ते चुकलेल्या दिवसाने नाही, त्यानंतर आपण "गेलं आता सगळं" म्हणून जे सोडून देतो त्याने. कॅनडातच २०१० साली विद्यार्थ्यांवर एक अभ्यास झाला, पहिल्या परीक्षेच्या अभ्यासात चालढकल झाली म्हणून ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांची पुढच्या परीक्षेला चालढकल कमी झाली. तेव्हा दिवस चुकला की वहीत तारीख आणि कारण लिहा, स्वतःला चार चांगले शब्द बोला, आणि उद्या तेवढंच माप करा. काल राहिलं म्हणून आज डबल करायला जाऊ नका, ते डबल परवाचं कारण बनतं.

माप वाढवायची घाई तर अजिबात नको. जास्त करावंसं वाटलं तर खुशाल करा, मी बऱ्याच रात्री अर्धा तास वाचतो, पण ठरलेलं माप आजही दोन पानंच आहे, वाईट दिवसांसाठी ते तिथेच राहू दे. आणि दुसरी नवीन गोष्ट कधी सुरू करायची, तर पहिली करताना ठरवावं लागत नाही, हात आपोआप तिकडे जातो असं झालं की. तेव्हा वहीचं नवं पान उघडा, वर दुसरी गोष्ट लिहा आणि परत पहिले सात दिवस फक्त कारणं लिहा, कारण या गोष्टीची कारणं वेगळी निघतील आणि जुनं माप तिला बसेलच असं नाही.