रेझिन शिकताना: शेवटच्या काही टक्क्यांकडे लक्ष ठेवा

रेझिनच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी हे लिहितोय. लहान रेणू जोडले की लांब साखळी होते, एवढं आपण पाठ करून येतो. साखळी लांबली की हाताला काय जाणवतं, हे मात्र फ्लास्कपाशी उभं राहूनच कळतं.

माझी पहिली मोठी बॅच ग्लिसरॉल आणि थॅलिक अनहायड्राइडची होती. ठरावीक वेळाने नमुना काढून अ‍ॅसिड व्हॅल्यू, म्हणजे न जोडलेलं आम्ल किती उरलंय तो आकडा, बघायचो. आकडा नीट उतरत होता, म्हणून मी निर्धास्त होतो. मग स्टरर जड फिरू लागला, आणि बघता बघता सगळं जेल झालं. फ्लास्क फोडूनच ते बाहेर काढलं.

कारण साधं आहे. ग्लिसरॉलला तीन हात, म्हणजे जोडले जाणारे तीन गट असतात, त्यामुळे साखळ्या आडव्याही जोडल्या जातात आणि जाळं तयार होतं. दोन्हींचे गट समप्रमाणात असतील तर पॉलिमर रसायनशास्त्रज्ञ कॅरोदर्सच्या हिशोबाने सुमारे 83 टक्के अभिक्रियेला जेल येतं. प्रत्यक्षात त्याच्याही आधी येतं. अ‍ॅसिड व्हॅल्यू हळूहळू उतरते, पण व्हिस्कॉसिटी (दाटपणा) शेवटी एकदम उसळते. म्हणून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहा, आणि व्हिस्कॉसिटीचा आलेख वर वळू लागला की हीटिंग काढा.

सरळ साखळीत जेलची भीती नसते, पण घाई तिथेही नडते. 90 टक्के अभिक्रियेला साखळीत सरासरी 10 घटक असतात, 99 टक्क्यांना 100. काचेच्या कांडीवर थेंब घेऊन बघा. आधी तो पातळ गळतो, नंतर त्याची तार निघते. आखूड साखळीचं रेझिन थंड झाल्यावर नखाने कचकन तुटतं. पुरेशी लांब साखळी असेल तर चिवटपणा येतो.

इपॉक्सी या जाळं करणाऱ्या रेझिनमध्ये उलटी फसगत होते. खोलीच्या तापमानाला क्युअर केलेली (अभिक्रियेने घट्ट होऊ दिलेली) माझी पट्टी टणक लागत होती, पण 60 अंशांच्या ओव्हनमध्ये ती वाकली. जाळं वाढता वाढता पदार्थ काचेसारखा कडक होतो, उरलेल्या गटांना हलायला जागा राहत नाही आणि क्युअरिंग अर्धवट थांबतं. दुसरी पट्टी मी 100 अंशांना पोस्ट-क्युअर केली, म्हणजे घट्ट झाल्यावर पुन्हा तापवली. त्याच ओव्हनमध्ये ती सरळ राहिली.