लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडली तर

लॅपटॉपवर लिनक्स टाकताना स्क्रीन काळी पडली की बहुतेक जण पेनड्राइव्ह पुन्हा तयार करून सगळे पहिल्यापासून सुरू करतात. त्यात एक दुपार जाते आणि स्क्रीन पुन्हा त्याच जागी काळी पडते. आतली यंत्रणा बहुधा चालूच असते, फक्त ग्राफिक्स ड्रायव्हरला चित्र स्क्रीनवर आणता येत नसते. म्हणून काहीही पुसण्याआधी स्क्रीन नेमकी कोणत्या टप्प्यावर गेली, हे पाहावे: पेनड्राइव्हवरून सुरू करताना, इन्स्टॉलेशननंतर पहिल्यांदा चालू करताना, की ड्रायव्हर वा अपडेट टाकल्यावर. खालील आज्ञा देवनागरीत लिहिल्या असल्या, तरी टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांतच द्याव्यात.

स्क्रीन काळी असताना कॅप्स लॉकची कळ दाबावी. तिचा दिवा लागत-विझत असेल, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, जिवंत आहे. मग खोलीत अंधार करून स्क्रीनवर तिरकी मोबाइलची बॅटरी मारावी. पुसटशी अक्षरे दिसली, तर चित्र येते आहे आणि फक्त मागचा प्रकाश बंद आहे, असे समजावे. अशा वेळी प्रथम ब्राइटनेसच्या कळा वापरून पाहाव्यात. काहीच दिसत नसेल, तर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षरी लॉगिन आले, तर अर्धे काम झाले, कारण पुढची सारी दुरुस्ती तिथूनही करता येते.

पेनड्राइव्हवरूनच चित्र येत नसेल, तर लिनक्सच्या उबंटू या प्रकाराच्या पहिल्या यादीत ‘सेफ ग्राफिक्स’ आणि मिंट या प्रकाराच्या यादीत ‘कंपॅटिबिलिटी मोड’ हा पर्याय निवडावा. इन्स्टॉलेशननंतर तीच अडचण आली, तर चालू होताना एस्केपची कळ एकदाच दाबून ग्रबची, म्हणजे काय सुरू करायचे ते विचारणारी, यादी आणावी, पहिल्या ओळीवर ‘ई’ दाबावे, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून ‘नोमोडसेट’ (nomodeset) हा शब्द सलग लिहावा आणि एफ१० दाबावे. यामुळे कर्नल स्वतः स्क्रीनची मांडणी बदलत नाही आणि चित्र दिसू लागते. मात्र ते ठोकळ असते, ब्राइटनेस बदलत नाही, व्हिडिओ अडखळतो. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो आणि तो तसाच तात्पुरता राहू द्यावा. कायमचा लिहून ठेवल्याने नंतर योग्य ड्रायव्हर टाकूनही उपयोग न झालेले लॅपटॉप मी पाहिले आहेत.

आता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा लिहिण्याच्या खिडकीत, ‘एलएसपीसीआय’ लिहून, जागा सोडून ‘हायफन के’ द्यावे. त्यात ग्राफिक्सच्या नावाखाली सध्या कोणता ड्रायव्हर वापरात आहे, ते दिसते. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळे काही शोधत बसू नये. लॅपटॉप फारच नवा असेल, तर नव्या कर्नलची आवृत्ती घ्यावी. खरा घोळ असतो तो इंटेल किंवा एएमडीच्या जोडीला एनव्हिडियाचे कार्ड असलेल्या लॅपटॉपचा. तिथे आधी नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर चालतो आणि बऱ्याचदा तोच अडतो. जुन्या लॅपटॉपमध्ये केप्लर पिढीचे कार्ड असेल, तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची ४७० ही शाखा शेवटची. त्याहून जुन्या कार्डावर नूव्होवरच भागवलेले बरे.

एनव्हिडियाचा ड्रायव्हर उबंटूमधील ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमधील ‘ड्रायव्हर मॅनेजर’ यातूनच, शिफारस केलेला निवडून टाकावा. संकेतस्थळावरून उतरवलेली ‘रन’ फाइल चालवू नये, असे माझे ठाम मत आहे; कर्नल बदलला की तिने टाकलेला ड्रायव्हर चालेनासा होतो. पॅकेज काही शे एमबींचे असते आणि आपल्याकडे डोंगराआडच्या वाडीत रेंज एखाद्या खिडकीतच मिळते, म्हणून फोन त्या खिडकीत ठेवून लांब केबलने यूएसबी टेदरिंग करावे, म्हणजे फोनचे इंटरनेट लॅपटॉपला द्यावे. नव्या यंत्रणेत वायफाय ओळखले गेले नसले, तरी हे चालते.

सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेली प्रणाली सुरू होऊ न देणारी सोय, चालू असेल, तर ड्रायव्हर टाकताना एक पासवर्ड मागितला जातो आणि पुढच्या वेळी चालू करताना निळी स्क्रीन येते. ती काही सेकंदच थांबते, आणि घाबरून किंवा कंटाळून पुढे गेले, तर सहीची किल्ली नोंदली जात नाही व ड्रायव्हर असूनही चालत नाही. तिथे ‘एनरोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, ‘येस’ आणि तोच पासवर्ड द्यावा. नंतर ‘एनव्हिडिया हायफन एसएमआय’ या आज्ञेने कार्डाचे नाव व तापमान दाखवले, म्हणजे काम झाले. एचडीएमआयला जोडलेला मॉनिटर तोवर बंद असला, तरी केबलला दोष देऊ नये. अनेक लॅपटॉपमध्ये ते भोक एनव्हिडियाच्या कार्डालाच जोडलेले असते.

आमच्याकडे मालवणात मात्र सर्वांत जास्त त्रास अपडेटचा होतो. कर्नल नवा आला की डीकेएमएस हे साधन त्याच्यासाठी एनव्हिडियाचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलला जोडला जाणारा भाग, नव्याने बांधते, आणि त्याला काही मिनिटे लागतात. भाच्याच्या मिंट असलेल्या लॅपटॉपवर हे बांधकाम चालू असताना मृगाच्या पावसात वीज गेली. बॅटरी आधीच थकलेली, त्यामुळे लॅपटॉप जागीच बंद पडला आणि सकाळी स्क्रीन काळी. भाचा पेनड्राइव्ह शोधू लागला होता. आम्ही ग्रबमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडला, तर डेस्कटॉप लगेच आला, कारण त्याचे मॉड्यूल पूर्वीच बांधलेले होते. मग ‘सुडो डीपीकेजी’, जागा सोडून दोन हायफन जोडून ‘कॉन्फिगर’, पुन्हा जागा सोडून ‘हायफन ए’, अशी आज्ञा देऊन अर्धवट राहिलेले काम पुरे करून घेतले. ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलच्या क्रमांकापुढे ‘इन्स्टॉल्ड’ हा शब्द दिसेपर्यंत लॅपटॉप पुन्हा चालू-बंद करू दिला नाही. चार्जरही त्या दिवशी इन्व्हर्टरच्या प्लगला होता.