हर्नियाच्या ऑपरेशननंतर जांघेत राहिलेली जळजळ
जांघेतल्या हर्नियाला जाळी बसवली, टाके भरले, पण ३ महिने उलटूनही जळजळ होतीच. मांडीच्या आतून करंट लागल्यासारखी कळ. पँटची शिवण घासली तरी नको व्हायचं. पेनकिलर, शेक, पट्टा, सगळं झालं. नुसता वैताग!

आधी सर्जनकडून तपासणी आणि सोनोग्राफी: हर्निया परत आलेला नाही ना, हे बघायला. मग कळ उठते ती जागा एका बोटाने दाखवली, त्यांनी पेनाने खूण केली. मग दुखण्यावरच्या तज्ज्ञांनी (पेन स्पेशालिस्ट) सोनोग्राफीत बघत जांघेतल्या इलिओइंग्वायनल नावाच्या नसेभोवती भूल आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. टेबलावरच कळ थांबली, म्हणजे दुखणं नसेचंच. भूल उतरल्यावर थोडी परतली (घाबरू नका, स्टेरॉइडला काही दिवस लागतात), मग ओसरत गेली. सोबत रात्री गॅबापेंटिन (नसेच्या दुखण्यावरचं औषध), डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे डोस हळूहळू वाढवत. बंदही तसंच, एकदम नाही. ताप, नवा फुगवटा किंवा उलट्या असतील तर मात्र लगेच सर्जन गाठा.