एक पुस्तक, एक सिनेमा, दोन शनिवार

ओळख आणि भेदभाव यांवर लोकांना बोलतं करायला बैठक घ्यायची असेल, तर विषयांची लांबलचक यादी करू नका. जात, भाषा, लिंग, धर्म सगळं एकाच संध्याकाळी कोंबलं की तासाभरात गाडी 'शेवटी आपण सगळे माणूसच' या स्टेशनावर थांबते आणि पुढे हलत नाही. एक पुस्तक, एक सिनेमा, मध्ये पंधरा दिवस. माणसं आठ ते बारा. त्याहून जास्त झाली की दोघं-तिघंच बोलत राहतात. वार शनिवारच ठेवा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक लागला की कल्याण-पनवेलची मंडळी गळालीच.

पुस्तक दया पवारांचं दलित आत्मकथन 'बलुतं' (1978). 'घरून वाचून या' म्हणाल तर निम्मे न वाचता येतील आणि तेच जास्त बोलतील. त्यापेक्षा सुरुवातीची पाच-सहा पानं तिथेच मोठ्याने वाचा, माणशी एक पान. तिथे दया पवार आणि दगडू मारुती पवार समोरासमोर येतात, माणूस एकच. लगेच 'कसं वाटलं?' विचारू नका. कुठलं वाक्य कोणाचं, ते पानावर बोट ठेवून दाखवायला सांगा. मत आपोआप मागून येतं.

मग पाठकोऱ्या कागदावर प्रत्येकाने 'तुम्ही मूळचे कुठले?' या प्रश्नाची आपली चार उत्तरं लिहायची: लोकलमध्ये, ऑफिसात, गावी आणि भाड्याची जागा बघताना. चौथं उत्तर बहुतेकांचं वेगळं निघतं. कागद वाचून दाखवायची सक्ती नको, नाव तर नकोच.

सिनेमा चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (2014), एका लोकशाहिरावरच्या खटल्याचा. दोन तासांच्या आत संपतो, पण चर्चेला आणखी तासभर धरा. सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवणार असाल तर हक्कधारकांची परवानगी आधी काढा. ओटीटीचं वर्गणीखातं घरच्यापुरतंच असतं. सबटायटल चालू ठेवा. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी सगळं येतं, आणि कोण कुठे कुठली भाषा बोलतो यातच अर्धा सिनेमा आहे.

थांबायचं एकाच ठिकाणी: सरकारी वकीलबाई कुटुंबासोबत नाटकाला जातात तिथे. परप्रांतीयांची टिंगल चाललीय, प्रेक्षागृह हसतंय. त्याआधी याच बाई लोकलने घरी येऊन स्वयंपाक करताना दिसतात, म्हणून त्यांना खलनायक ठरवून मोकळं होता येत नाही. इथे विचारा, 'आत्ता आपल्यापैकी कोण हसलं?' उत्तर नाही आलं तरी चालेल. मिनिटभर शांतता सोसा. चर्चा चालवणारा घाबरून बोलायला लागला की प्रसंग वाया जातो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते एका सवयीने. खोलीत एखादा दलित, मुस्लिम किंवा समलिंगी माणूस असला की माना त्याच्याकडे वळतात: 'तुमच्याकडे खरंच असं होतं का?' तो पाहुणा आहे, साक्षीदार नाही. प्रश्न लगेच पुस्तकाकडे वळवा. आणि कुणी 'आता असं काही राहिलं नाही' म्हणालं तर वाद घालू नका. ते चौथं उत्तर पुन्हा एकदा वाचायला सांगा, मनातल्या मनात.

चहा मध्यंतरात नको, शेवटी ठेवा. खरं बोलणं कप हातात आल्यावरच सुरू होतं, तेव्हा हॉल अर्धा तास जास्तीचा घ्या.